एकतिसावं मिनिट

कोलंबो बंदर,
४ नोव्हेंबर २०१८

ती. ताईस,
शैलेशचा साष्टांग नमस्कार.

तीन दिवस बंदरात आहोत म्हणून नेट आहे. उद्या सुटलो की परत जहाजाचा मेल. त्यात नुसती अक्षरं येतात, फोटो नाही की आवाज नाही. तेव्हा पूर्वीसारखं लांबलचक लिहीत जा. शाळेत निबंधाला पहिली यायचीस, ते इथे तरी उपयोगी पडू दे.

बातमी अशी की आपली आई दोन्हीकडे आली. सप्टेंबरात नवीन पनवेलची ती कादंबरी नावाची मुलगी माइक घेऊन घरी आली होती ना, तिनं आईशी झालेल्या गप्पा तिच्या पॉडकास्टमध्ये टाकल्या. बेचाळीस मिनिटं. आणि त्याच रेकॉर्डिंगमधला आईनं गायलेला लग्नाचा धवला काढून मावशीच्या कल्पेशनं त्याला खाली बीट दिला आणि गाण्यांच्या ॲपवर चढवला. तीन मिनिटं दहा सेकंद. मी दोघांनाही मेलवर हो म्हटलं होतं, तुला सांगायचं राहून गेलं. गाणं मी डाउनलोड केलंय. इंजिनरूममध्ये लावलं तर आमचा फिलिपिनो सेकंड इंजिनिअर मान डोलवायला लागला. त्याला काय कळलं देव जाणे. पॉडकास्ट पण उतरवून ठेवलंय, पण बेचाळीस मिनिटं कोण ऐकतंय? ड्युटी संपली की डोळे मिटतात.

आता एक काम कर. मला एका ॲपची वर्षाची मेंबरशिप घ्यायची आहे आणि कुठलं घ्यावं ते कळत नाही. तू पनवेल ते जासई बसमध्ये रोज दीड तास घालवतेस. दोन्हीकडे ऐकून बघ आणि आई कुठे चांगली ऐकू येते ते कळव. तुझा कान चांगला आहे, हे आईसुद्धा मान्य करते.

आणि हो, धवल्यात आईनं तुझं नाव घातलंय. मला ऐकून बरं वाटलं.

कोमलला आणि मुलांना फोन केला होता, उलव्यात सगळं ठीक आहे.

तुझा,
शैलेश


पनवेल कोळीवाडा,
११ नोव्हेंबर २०१८

चि. शैलेश,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या आज्ञेप्रमाणे ऐकलं. कंपनीच्या बसमध्ये माझ्या शेजारी बसणारी बाई रोज विचारते, परीक्षेला बसताय का. म्हटलं, भावानं अभ्यास दिलाय.

आधी गाण्यांचं ॲप. फुकटातलं घेतलं तर दोन गाण्यांमध्ये केसांच्या तेलाची जाहिरात लागते, आणि ती गाण्यापेक्षा मोठ्यानं लागते. गायकाच्या जागी काय लिहिलंय ते पाहिलंस? डीजे कल्पेश. आईचं नाव कुठेही नाही. खाली लिहिलंय 'पारंपरिक'. आई पारंपरिक आहे म्हणे. कल्पेशच्या ढोलात तिचे अर्धे शब्द बुडालेत, पण दोन शब्द मात्र त्यानं बरोबर वर ठेवलेत. ते दोनदा-दोनदा वाजतात.

त्यातला एक तू मला कळवलास. दुसरा का नाही कळवलास? तुलाही ऐकू आला असणारच. कीर्ती नवरी आणि काशिराम नवरा.

पंधरा वर्षांपूर्वी मागणी घालून मग नाही म्हणाला, तोच हा करंज्याचा काशिराम. मुलगी फार शिकलेली, आमच्या घरात टोपली कशी उचलेल, असं त्यांनी कळवलं म्हणून तू आणि आईनंच मला सांगितलंत. त्याला आता बायको आहे, लेकी आहेत, बोट आहे. आणि हळदीहळदीत लोक आमच्या दोघांच्या लग्नावर नाचताहेत. परवा ऑफिसात एका ड्रायव्हरच्या फोनची रिंग म्हणून वाजलं. मी कंटेनरच्या पावतीवर शिक्का मारत होते, तो उलटा पडला.

आईला विचारलं, हे नाव कुठून काढलंस? म्हणाली, तोंडात आलं ते गायलं. आता चाळीस वर्षं लग्नं लावणारी धवलारीण तोंडाला येईल ते गाते, यावर मी विश्वास ठेवायचा.

पॉडकास्टचं म्हणशील तर तेही मी त्याच गाण्याच्या ॲपमध्ये शोधून लावलं, कारण माझ्या फोनमध्ये आणखी काही मावत नाही. पण फाट्यापाशी रेंज गेली किंवा मध्येच फोन आला की ते बंद पडतं, आणि परत लावलं की पहिल्यापासून सुरू. तीन दिवस मी तीच वीस मिनिटं ऐकते आहे. कादंबरी सांगते, धवलारीण म्हणजे गाणी गाऊन लग्न लावणारी बाई. मग आई सांगते की ती नऊ वर्षांची असताना मिठागरावर तिच्या आजीकडून शिकली. मग सुकटीचे भाव. मग रेंज जाते. पण आवाज मात्र आईचा आहे. आपल्या घरातला आहे. पंख्याची कुरकूर आणि मागे माझा पोळपाट वाजतो, तोसुद्धा.

तेव्हा माझा निकाल असा की पॉडकास्ट चांगलं, ॲप वाईट. आणि ते गाणं काढून टाकायला सांग. निदान एक नाव तरी काढा. कुठलं, ते तुला कळतं.

भाऊबीजेला कोमल मुलांना घेऊन आली होती. तुझी ओवाळणी तिनंच दिली.

कीर्तीताई


समुद्रात,
२७ नोव्हेंबर २०१८

ती. ताई,
सा. न.

तुझं पत्र दोन वेळा वाचलं. तू चिडलीस की तुझं लिखाण जास्त छान होतं, हे मात्र खरं.

मध्ये सिंगापूरला कल्पेशशी बोललो. तो म्हणतो, ताई उगाच मनाला लावून घेते. हळदीच्या गाण्यात नावं असतातच, लोक त्या जागी आपल्या नवरा-नवरीची नावं ओरडतात, मूळची कोण ऐकतंय? शिवाय गाणं काढून परत चढवलं की आत्तापर्यंत जितक्या लोकांनी ऐकलं तो आकडा शून्यावर येतो. त्याचं म्हणणं मला पटलं. आईचं नाव मात्र घालतो म्हणाला, पुढच्या गाण्यापासून.

काशिराम काय, दगडू काय, नाव ते नाव. पंधरा वर्षांनी कोणाच्या लक्षात आहे? तू विसरलीस तर सगळे विसरतील.

मी तुझ्या फोनवर गाण्याच्या ॲपची वर्षाची मेंबरशिप पाठवतो. जाहिराती बंद होतील आणि डाउनलोड करून ठेवता येईल, म्हणजे रेंजची भानगड नाही. पॉडकास्टच्या नादी तू लागू नकोस. दुसरं ॲप वगैरे घालायची काही गरज नाही, फोन आधीच भरलाय म्हणतेस. त्यात आहे काय, तेच मिठागर आणि तीच सुकट, जे आपण जन्मापासून ऐकतोय. शेवटी शेवटी तर ती बाई काहीबाही विचारते आणि आई काहीबाही बोलते. म्हातारं माणूस आहे, माइक समोर आला की सैल सुटतं. गाणं ऐक, मजेत राहा.

आईच्या गुडघ्याला ते नवीन तेल लाव. सत्तरी उलटली आता तिची.

शैलेश


पनवेल,
९ डिसेंबर २०१८

शैलेश,

आशीर्वाद नंतर.

बेचाळीस मिनिटं कोण ऐकतंय, असं कोलंबोहून लिहिणारा माणूस तीन आठवड्यांनी लिहितो की शेवटी शेवटी बाई काहीबाही विचारते. म्हणजे सिंगापूरपर्यंत तू ते शेवटपर्यंत ऐकलंस. आणि मग मला लिहिलंस, नादी लागू नकोस. लहानपणी गूळ खाऊन डबा वर ठेवायचास आणि म्हणायचास, ताई त्या डब्याकडे जाऊ नको, मुंग्या आहेत. अजून तसाच आहेस तू.

मी फोनमधले सगळे जुने फोटो काढले आणि पॉडकास्टचं वेगळं ॲप घातलं. एकाऐवजी दोन घातली. तू मला तुलना करायला सांगितली होतीस, तर आता नीट ऐक.

ही ॲपं गाण्याच्या ॲपपेक्षा कितीतरी शहाणी. जिथे सोडावं तिथून पुढे सुरू करतात. शुक्रवारी सकाळी जासईला उतरायच्या आधी धवला संपला. त्याच्या आधी आई कादंबरीला सांगते की नावं घेतल्याशिवाय धवला गाता येत नाही आणि खोटी नावं घ्यायची नसतात, कारण गायलं की लग्न लागलं. कादंबरी हसते आणि म्हणते, मग तुम्हाला हवी ती खरी घ्या. आई घेते. मग येतं एकतिसावं मिनिट.

कादंबरी विचारते, ही कीर्ती कोण? आई म्हणते, माझी पोर. आणि काशिराम? पहिल्या ॲपमध्ये आई लगेच म्हणते, जावाय व्हनार होता. तडकाफडकी, जसं कोणी बाजारात भाव सांगावा. मला तिचा संताप आला. घरी येऊन दुसऱ्या ॲपवर तेच लावलं. तिथे आई बोलतच नाही. बांगड्या वाजतात. पाण्याचा घोट ऐकू येतो. शेजारच्यांच्या कुकरची एक शिट्टी होते. मी घड्याळ लावून पाहिलं, अकरा सेकंद. मग ती म्हणते, जावाय व्हनार होता. नंतर कळलं, पहिल्या ॲपमध्ये वेळ वाचावा म्हणून बोलण्यातली शांतता गाळून टाकायची सोय असते, आणि ती आधीच सुरू होती. तू कुठल्या ॲपवर ऐकलंस? गाळलेलंच ऐकलं असशील.

पुढचं दोन्हीकडे सारखंच आहे. अक्षर न् अक्षर लिहिते, मला ते पाठ झालंय:

"मागनी त्यांनी घातली. आमीच नाय बोल्लो. पोरगा बोटीवर जानार, मी मांडवामांडवानं फिरनार, घर कोन बगनार? पोरीला सांगितलं, त्यांनीच मोडलं."

हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी कंपनीच्या गेटपाशी होते. मागून ट्रेलर हॉर्न वाजवत होता आणि मला ऐकू येत नव्हता, कान भरलेले होते. सिक्युरिटीवाल्यानं दंडाला धरून बाजूला ओढलं.

दोन हजार अकरा साली उरणच्या बाजारात काशिराम समोरून आला होता. हसला, काहीतरी बोलायला थांबला. मी त्याच्या देखत थुंकले आणि पुढे गेले. त्याची धाकटी मुलगी त्याच्या कडेवर होती. सात वर्षं मला त्या थुंकण्याचा अभिमान होता.

आई "आमीच" म्हणते. आमीच म्हणजे कोण? बाबा तर त्याच्या आधीच गेले होते. घरात तिघंच होतो, त्यातली एक मी.

तू होतास का त्यात? हो किंवा नाही, एवढंच लिही. जहाजाच्या मेलमध्ये तेवढी अक्षरं मावतात.

कीर्ती


समुद्रात,
३ जानेवारी २०१९

ती. ताई,
सा. न.

उत्तराला उशीर झाला. इंजिनात काम निघालं होतं. ते खरंही आहे आणि ती सबबही आहे.

इथे एक गंमत झाली. गाण्याच्या ॲपला महिनाभर नेट मिळालं नाही की डाउनलोड केलेली गाणी बंद पडतात. मेंबरशिप असली तरी. कुलूप दिसतं आणि गाणं वाजत नाही. पॉडकास्टचं तसं नाही. ते एकदा उतरलं की आपलंच. सिंगापूर सोडून महिना उलटला, त्यामुळे माझ्याकडे ऐकायला आता फक्त ती बेचाळीस मिनिटंच उरलीत. मी एकतिसाव्या मिनिटाच्या आधी बंद करतो.

हो.

मी तेवीस वर्षांचा होतो, ताई. कोर्सला नंबर लागला होता. काशिरामचा काका भगवान मागणी घेऊन आला, तू तेव्हा टायपिंगच्या परीक्षेला ठाण्याला गेली होतीस. आई रात्रभर बसून होती. लग्नाच्या मोसमात तिचा पाय घरात नसायचा आणि मी नऊ-नऊ महिने समुद्रावर जाणार. ती म्हणाली, पोरगी गेली तर मी आजारी पडल्यावर मला पाणी कोण देईल? मी म्हटलं, एक-दोन वर्षं थांबू, दुसरं स्थळ येईल. करंज्याला निरोप घेऊन मीच गेलो. तुला खोटं सांगायचं ठरलं ते तुझ्या भल्यासाठी, म्हणजे तू आमच्यावर चिडू नयेस म्हणून. आता लिहिताना कळतंय की ते आमच्या भल्यासाठी होतं.

पण दुसरं स्थळ आलं तेव्हा तूच नको म्हणालीस. तिसऱ्यालाही. हे पण लक्षात घे. आणि तूसुद्धा कधी मुळाशी जाऊन विचारलं नाहीस. करंजा काय लांब आहे? बसनं दीड तास.

माझं चुकलं. कल्पेशला सांगून गाणं काढायला लावतो. एप्रिलला साइन-ऑफ आहे, जहाजावरून उतरून घरी आल्यावर तुझ्या पाया पडतो. तोपर्यंत आईला काही बोलू नकोस. या वयात तिला त्रास नको.

शैलेश


पनवेल,
२० जानेवारी २०१९

शैलेश,

मी विचारलं का नाही, हे तू मला विचारतोस. चोरी झालेल्या माणसाला कुलपाचा जाब विचारण्यातला प्रकार आहे हा. मी विचारलं नाही कारण सांगणारे तुम्ही होतात. परक्यांनी सांगितलं असतं तर दहा ठिकाणी विचारलं असतं.

आणि तू सगळं लिहिलं नाहीस. गेल्या रविवारी शांती आली होती, काशिरामची बायको. मी ओळखलं नाही. तिनं येताना पिशवीत सुके बोंबील आणले होते, रिकाम्या हातानं नको म्हणून. तिच्या पुतणीची हळद होती. तिथे पोरांनी ते गाणं लावलं आणि नवरदेवाच्या मावशीनं भर मांडवात विचारलं, काशिरामचं आधी एक लग्न झालेलं का? शांतीची थोरली पोरगी रडत आत गेली. शांती माझ्याशी भांडायला आली असती तर बरं झालं असतं. ती भांडली नाही. ती म्हणाली, ताई, त्यांच्या मनात राग नाही, पण त्या वेळी तुम्हीच नको म्हणालात ना, मग आता त्यांचं नाव कशाला?

मी म्हटलं, मी नको म्हणाले, हे कोणी सांगितलं?

तेव्हा कळलं. तुझा निरोप ऐकून काशिराम दुसऱ्या दिवशी तुझ्या मागोमाग पनवेलला आला होता. एसटी स्टँडवर तुला गाठलं आणि विचारलं, घरचे राहू देत, कीर्तीचं काय म्हणणं आहे? आणि तू त्याला सांगितलंस, तिलाच तू पसंत नाहीस. तो तिथूनच परतीच्या गाडीत बसला. दोन वर्षं थांबून मग त्यानं लग्न केलं. हे एवढं एसटी स्टँडवरचं वाक्य तुझ्या पत्रात मावलं नाही. तुझ्यातही ती गाळायची सोय आहे म्हणायची.

शांती गेल्यावर मी आईसमोर बसले. इतके दिवस टाळलं होतं ते तू नको म्हणाला होतास म्हणून नाही, मला स्वतःलाच धीर होत नव्हता. ती कोलंबी सोलत होती. मी फोन तिच्यासमोर ठेवला आणि एकतिसावं मिनिट लावलं. तिनं शेवटपर्यंत ऐकलं, मान हलवली, जसं दुसऱ्या कोणाचं ऐकावं. मी विचारलं, का केलंस? मला वाटलं ती रडेल, पाया पडेल, निदान नाकारेल. ती म्हणाली,

"चुकलं व्हतं ते मी निस्तरलं. तुजं लगीन मी लावलं. तुजं नाव घेतलं, त्याचं घेतलं, सगला धवला गायला. आजून काय पायजे तुला?"

तिला काही विसरायला झालेलं नाही. तू तसलं काही लिहू नकोस. ती शुद्धीत आहे आणि तिला खरंच वाटतं की झालं. चारशे मुलींची लग्नं लावली तशी माझं लावलं, मरायच्या आधी. मनावरचं ओझं उतरलेल्या माणसासारखी ती त्या दिवशी जेवली.

मी ठरवलंय. एक फेब्रुवारीपासून नवीन पनवेलला खोली घेतली आहे. कोळीवाड्यातलं घर तुझ्या नावावर आहे, त्याला कुलूप लावते. आईला उलव्याला कोमलकडे सोडणार. कोमलला मी फोन केलाय, ती पोर चांगली आहे, नाही म्हणाली नाही. पण तिचा आवाज उतरला. तो तू निस्तर.

गाणं या आठवड्यात निघालं पाहिजे. माझ्यासाठी नाही, शांतीच्या मुलीसाठी.

कीर्ती


समुद्रात,
२६ जानेवारी २०१९

ताई,

स्टँडवरचं खरं आहे. ते मी आत्तापर्यंत कोणालाच सांगितलं नव्हतं, आईलाही नाही.

गाणं काढलं. कल्पेश रुसलाय, रुसू दे.

पण घर सोडू नकोस. तुझ्या पाया पडतो. मुलांच्या परीक्षा आहेत, कोमलची नोकरी आहे, सातवा मजला आहे, आईला लिफ्टची भीती वाटते. तिला तुझ्या हातचं लागतं. तू चार दिवस अलिबागला ट्रिपला निघालीस तर तिच्या छातीत दुखायला लागलं होतं, आठवतं ना? ती रडून जीव देईल. निदान एप्रिलपर्यंत थांब. एवढी वर्षं काढलीस, तीन महिने काढ.

माझ्यावर सूड घे, तिच्यावर नको.

शैलेश


नवीन पनवेल,
१७ फेब्रुवारी २०१९

शैलेश,

एवढी वर्षं काढलीस, तीन महिने काढ, हे वाक्य तू लिहू शकलास, याचं मला नवल वाटलं नाही. त्याचं मात्र वाईट वाटलं.

गाणं निघालं, पाहिलं. माझ्याही फोनमधून गेलं. कादंबरीलाही फोन केला. ती घाबरली, सगळंच काढते म्हणाली. मी म्हटलं, नको, फक्त काशिरामचं नाव काढ. तिनं काढलं. आता आई माझं नाव घेते आणि पुढे जिथे त्याचं होतं तिथे काहीच नाही. नव्यानं ऐकणाऱ्यांना तसं ऐकू येईल. तुझ्याकडे उतरवून ठेवलेलं जुनंच राहील, पॉडकास्टचं तसंच असतं, तूच लिहिलं होतंस. ते पुसू नकोस. एकतिसाव्या मिनिटाच्या आधी बंदही करू नकोस.

मी एक फेब्रुवारीलाच खोलीत आले. एक खिडकी आहे आणि गॅस आहे. सकाळी उठते आणि कोणाला चहा द्यायचा ते आठवत नाही. मला आनंद झाला असं लिहिणार नाही, कारण झालेला नाही. हे सगळं पंचविसाव्या वर्षी करायचं होतं. आता चाळिसाव्या वर्षी एकटीपुरता भात किती लावायचा ते शिकते आहे. तुमच्यावरचा राग जात नाही, आणि तो जावा असंही मला वाटत नाही. एप्रिलला आलास तर मला भेटायला येऊ नकोस. मला वाटलं तर मी येईन.

आईचं सांगते, कारण तू त्याच काळजीत असशील.

मलाही तिचीच भीती होती. ती भिंतीला धरून बसेल, शेजारपाजार गोळा करेल, छाती दाबेल, असं सगळं मनात योजून ठेवलं होतं आणि प्रत्येकाला उत्तरही. काही लागलं नाही. मी निघते म्हटल्यावर तिनंच माझी बॅग भरायला घेतली. स्वतःची दोन चांगली लुगडी आत घातली, मी काढली, तिनं परत घातली. रिक्षात उलव्यापर्यंत बाहेरचं बांधकाम बघत होती. लिफ्टलाही घाबरली नाही.

वर कोमलच्या दारात शेजारची बाई उभी होती. नवीन माणसं, त्यांना आपलं काही माहीत नाही. तिनं आईला विचारलं, आजी, लेकीला सोडून इकडे करमेल का? आई हसली. मी तिला इतक्या वर्षांत तशी हसताना बघितली नव्हती. म्हणाली,

"तिचं लगीन झालं. लगीन झालेली पोर मायेरी किती दिस ऱ्हानार?"

कोमलनं मान खाली घातली. मी आईची पिशवी आत ठेवली, तिच्या गोळ्या कोमलला दाखवल्या आणि चपला घालायला बाहेर आले. ती शेजारीण अजून तिथेच होती. कौतुकानं म्हणाली, हो का, मिस्टर काय करतात?

आणि शैलेश, मी उत्तर दिलं. म्हटलं, करंज्याला त्यांची मासेमारीची बोट आहे.

कीर्ती